रात्रीच्या व्हिडिओत पट्टे सरकतात, उजेड फडफडतो: शटरपासून सुरुवात करा

इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, काढलेला व्हिडिओ फोनवर पाहताना ठीक वाटतो. तोच टीव्हीवर लावला की चित्रातून काळपट पट्टे सरकताना दिसतात. भुट्ट्याच्या किसाच्या ठेल्यावर पट्टे, शेजारच्या गराडूवाल्याकडे काही नाही, पुढच्या जिलबीच्या कढईवर पुन्हा पट्टे. दुसऱ्या दिवशी दुपारी छप्पन दुकानला तोच फोन उत्तम चालतो. मग लेन्स पुसली जाते, फोन अपडेट होतो, कोणी तर नवा फोन घेऊन येतो. पट्टे त्या नव्या फोनवरही येतात.

फोन बिघडलेला नसतो. दिवा खरोखरच लुकलुकत असतो. आपल्या डोळ्याला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं.

होतं काय

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा कमाल होतो आणि दोनदा शून्यावर येतो, म्हणून साधा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. एक ठोका १० मिलिसेकंदांचा. व्हिडिओची प्रत्येक फ्रेम शटर जितका वेळ उघडं असेल तितका उजेड गोळा करते. त्या वेळात पूर्ण ठोके बसले, म्हणजे एक, दोन किंवा तीन, तर प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो. अर्धामुर्धा ठोका बसला की एका फ्रेमला जास्त, दुसरीला कमी.

नवशिक्यांना सगळीकडे सांगितलेलं असतं की सेकंदाला ३० फ्रेम असतील तर शटर १/६० सेकंद उघडं ठेवा. तो सल्ला ६० हर्ट्झ वीज असलेल्या देशांतून आलेला आहे. इंदूरच्या दिव्याखाली १/६० मध्ये १.६७ ठोके मावतात आणि गडबड तिथेच होते. १/५० ठेवलं तर बरोबर दोन ठोके, १/१०० ठेवलं तर बरोबर एक.

आता नुसता उजेड कमी-जास्त न होता पट्टे का पडतात? फोनचा सेन्सर सगळं चित्र एकाच क्षणी टिपत नाही, एकेक ओळ क्रमाने वाचत जातो. सगळ्या ओळी वाचायला २० मिलिसेकंद लागत असतील तर तेवढ्यात दिवा दोनदा मंदावतो, म्हणून चित्रात दोन काळे पट्टे. हे पट्टे सेन्सरच्या ओळींच्या दिशेने पडतात. फोन आडवा धरला की आडवे, रीलसाठी उभा धरला की उभे. उभे पट्टे पाहून पुष्कळ जण डिस्प्ले गेला असं समजतात, म्हणून हे आधी सांगितलेलं बरं.

खरंच हाच दोष आहे का, ते आधी पाहा

‘व्हिडिओ फडफडतो’ या एकाच तक्रारीखाली चार वेगळे दोष येतात आणि चौघांचे उपाय वेगळे.

ठरावीक अंतराने सरकणारे किंवा एका जागी थांबलेले पट्टे म्हणजे विजेचा ठोका. आपण पाहतोय तो दोष हाच. पांढरा शर्ट घातलेला माणूस समोरून गेला की सगळं चित्र एकदम काळं पडतं आणि मग हळूहळू उजळतं, तो ऑटो एक्स्पोजरचा, म्हणजे चित्राचा उजेड आपोआप ठरवण्याचा खेळ. विषयावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर आणि फोकस लॉक होतात, प्रश्न मिटला. पिवळ्या बल्बकडून पांढऱ्या ट्यूबकडे कॅमेरा फिरवताना रंग बदलतो, ते ऑटो व्हाइट बॅलन्सचं काम. प्रो मोडमध्ये केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, हाताने ठरवा: पिवळ्या दिव्यांना ३००० च्या आसपास, पांढऱ्यांना ५६०० ते ६५००. आणि चित्र धूसर-स्पष्ट, धूसर-स्पष्ट होत असेल तर तो अंधारात चाचपडणारा फोकस आहे. तिथेही लॉकच.

शंका उरली तर परीक्षा सोपी आहे. फोन स्लो मोशनमध्ये २४० फ्रेमवर टाका आणि एकेका दिव्याकडे धरून चार-पाच सेकंद रेकॉर्ड करा. जो दिवा हळू चालवताना धडधडतो, तो दोषी. फोन नसेल तर पेन्सिल दिव्याखाली झपाझप हलवा. सलग धूसर पंखा दिसला तर दिवा स्थिर आहे, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर लुकलुकणारा. शूटिंगच्या जागी आधी पोचता आलं तर ही चाचणी पाच मिनिटांत होते आणि नंतरच्या संकलनाचा अख्खा दिवस वाचतो.

सगळे दिवे सारखे नसतात

जुना पिवळा बल्बही लुकलुकतो, पण तार तापलेली राहत असल्याने उजेड फारसा घटत नाही. जाड चोक असलेली जुनी ट्यूबलाइट चांगलीच लुकलुकते. इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर ती हजारो हर्ट्झवर चालते, व्हिडिओला त्रास नाही. एलईडीत मात्र बल्बागणिक फरक. आत व्यवस्थित ड्रायव्हर (वीज सांभाळणारं सर्किट) आणि पुरेसा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असेल तर उजेड जवळजवळ सपाट. स्वस्त बल्बांत कपॅसिटर नावापुरता किंवा नाहीच, मग उजेड प्रत्येक ठोक्याला थेट खाली पडतो. सराफ्यात ठेल्यागणिक चित्र बदलतं ते यामुळे. प्रत्येकाने आपल्या पसंतीचा बल्ब टांगलेला असतो, फोन मात्र एकच.

गणपतीत मखराला लावतो त्या झालरी आणखी वेगळ्या. त्यातल्या स्वस्त माळांमध्ये विजेच्या आवर्तनाचा अर्धाच भाग वापरला जातो, त्यामुळे त्या सेकंदाला १०० नव्हे, ५० वेळा लुकलुकतात. १/१०० शटरवर बाकी खोली स्थिर आणि माळच फडफडते, ती याच कारणाने. अशा ठिकाणी १/५० हेच उत्तर. घरगुती गणपतीची आरती चित्रित करायची असेल तर १/५० वरच सुरुवात करा, म्हणजे बल्ब, ट्यूब, माळ सगळं एकदम सांभाळलं जातं.

सेटिंग

अँड्रॉइडवर प्रो व्हिडिओ किंवा मॅन्युअल व्हिडिओ मोड असेल तर तिथे शटर हाताने १/५० करा. नसेल तर ओपन कॅमेरासारख्या मोफत ॲपमध्ये अँटी-बँडिंग नावाची, म्हणजे पट्टे टाळण्याची सोय असते, ती ५० हर्ट्झवर ठेवा. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हातात मिळत नाही. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप आयफोनवर चालतं, काही अँड्रॉइड फोनवरही. त्यात शटर थेट बांधता येतं.

काही ॲप आणि मोठे कॅमेरे शटर अंशांत दाखवतात. त्यासाठी एवढं लक्षात ठेवा: २५ फ्रेमला १८० अंश म्हणजे १/५०. २४ फ्रेमला १७२.८ अंश. ३० फ्रेमला १/५० हवं असेल तर २१६ अंश, १/१०० हवं असेल तर १०८. ३० फ्रेमला १८० अंश ठेवले की पुन्हा १/६० वर येऊन अडकलात.

फ्रेम रेट किती, यावर फार वाद होतात. ‘भारतात २५ च’ असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मते हा आग्रह अर्धाच बरोबर आहे. पट्टे पडणार की नाही हे शटर ठरवतं, फ्रेम रेट फक्त ते सरकणार की थांबणार हे ठरवतो. २५ फ्रेमला प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर ४ ठोके येतात, म्हणून शटर चुकलं तरी पट्टे जागेवर उभे राहतात. ३० ला ३.३३ ठोके, म्हणून दर तीन फ्रेमनी नक्षी परत येते आणि सेकंदाला १० वेळा फडफड दिसते. २४ ला ती सेकंदाला ४ वेळा, मंद पण जास्त बोचणारी. शटर १/५० असेल तर या तिन्हींत पट्टे नाहीत. व्हिडिओ फक्त फोनवर पाहिला जाणार असेल तर ३० फ्रेम आणि १/५० हे जोडीनं चांगलं चालतं.

२५ चा एक धोकाही आहे. शटर चुकलेलं असताना पट्टे स्थिर राहतात, त्यामुळे ते सावलीसारखे वाटतात आणि शूटिंगच्या वेळी लक्षात येत नाहीत. कॅमेरा वळवला की मात्र भिंतीवरची ती ‘सावली’ कॅमेऱ्याबरोबर चालू लागते.

६० फ्रेमला १/५० शक्यच नाही. एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंदच मिळतात, तेव्हा १/१०० ठेवा. आयफोनवर सेटिंग, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे ‘शो पाल फॉरमॅट्स’ (पाल म्हणजे ५० हर्ट्झच्या देशांतली व्हिडिओ पद्धत) चालू केलं की २५ फ्रेमचा पर्याय येतो. तिथेच ‘ऑटो एफपीएस’ आहे, ते बंद करा. कमी उजेडात फोन आपल्या मनाने ३० चे २४ करतो आणि मग एकाच क्लिपमध्ये अर्ध्यापर्यंत सगळं ठीक, पुढे चाल बदललेली असा प्रकार होतो. सोनी, कॅनन यांच्या कॅमेऱ्यांत एनटीएससी-पाल असा पर्याय असतो, एनटीएससी ही ६० हर्ट्झच्या देशांतली पद्धत. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला कॅमेरा बहुधा एनटीएससीवर असतो. पाल केलं की २५, ५०, १०० हे आकडे मिळतात. काही कॅमेरे हा बदल करताना कार्ड पुन्हा फॉरमॅट करायला सांगतात, तेव्हा आधी कार्ड रिकामं करा.

उजेड जास्त तिथेच पट्टे का?

ही गोष्ट उलटी वाटते आणि इथेच बहुतेकांची वाट चुकते. घरात मंद उजेडात व्हिडिओ ठीक येतो, पण दागिन्यांच्या काउंटरवर, झगझगीत एलईडीखाली पट्टे येतात. मग ‘उजेड कमी पडतोय’ म्हणून आणखी एक दिवा आणला जातो आणि पट्टे वाढतात.

कारण असं. ऑटो मोडमध्ये बहुतेक फोन ५० हर्ट्झ ओळखतात आणि जमेल तोवर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवतात. पण फोनच्या लेन्सचं छिद्र ठरलेलं, एफ १.८ च्या आसपास, ते लहान करता येत नाही. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, बहुधा ५० च्या खाली जात नाही. विषयावर साधारण २००० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड पडला की नीट एक्स्पोजरसाठी शटर १/१२५ च्या जवळ न्यावं लागतं, म्हणजे एका ठोक्यापेक्षा कमी. फोनकडे दुसरा मार्गच नसतो. तो शटर आखूड करतो आणि पट्टे आत येतात.

तेव्हा इथे उपाय उजेड घटवण्याचा. दिवा विषयापासून लांब करा: लहान दिव्यासाठी अंतर दुप्पट म्हणजे उजेड साधारण चौथा. काउंटरचे काही दिवे बंद करायला सांगा. दुसरी लेन्स वापरून पाहा, अल्ट्रावाइडचं छिद्र बहुतेक फोनांत एफ २.२ च्या आसपास असतं, आणि एफचा आकडा मोठा म्हणजे छिद्र लहान. किंवा एनडी फिल्टर लावा, म्हणजे कॅमेऱ्यापुढची राखाडी काच. घरातल्या आणि दुकानातल्या कामाला एनडी ४ किंवा ८ पुरतो. जेल रोडवर मोबाईलचं सामान घेताना क्लिपवर बसणारा फिल्टर पाहा, फक्त तो मुख्य लेन्सवरच बसतोय आणि कडा चित्रात येत नाहीत एवढं दुकानातच तपासा. फिरवून गडद करायचा व्हेरिएबल एनडी सोयीचा असतो, पण शेवटच्या टोकाला नेला की चित्रावर फुलीसारखा डाग येतो. अगदीच अडलं तर गॉगलची काच लेन्सपुढे धरतात. तीन स्टॉपच्या आसपास (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड कापला जातो, पण रंग बदलतो, दागिन्यांसाठी नकोच.

भर उन्हात हिशेब आणखी बदलतो. एफ १.८ आणि आयएसओ ५० वर नीट एक्स्पोजरला १/४००० च्या आसपास शटर लागतं. तिथे १/५० हवं असेल तर एनडी ६४. पण उन्हाला ठोका नसतो, त्यामुळे रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर पट्ट्यांची चिंता सोडा. तिथे एनडी लावायचा तो हालचाल मऊ दिसावी म्हणून. पाण्याच्या आणि गुलालाच्या माऱ्यात फोन वाचवणं हे काम वेगळंच.

झांक्या आणि जनरेटर

अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, रात्रभर चालतात आणि इंदूरचे नवे व्हिडिओवाले बहुतेक इथेच पहिल्यांदा ठेचकाळतात. शटर १/५० ठेवलेलं, तरी पट्टा हळूहळू वर चढताना दिसतो.

ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राखली जाते, म्हणून घरात आणि दुकानात १/५० निर्धास्त चालतं. चालत्या झांकीवरची वीज मात्र जनरेटरची. डिझेल जनरेटरवर भार कमी असला की तो ५० च्या वर पळतो, भार वाढला की खाली येतो. समजा तो ५१.५ हर्ट्झवर आहे, तर दिवे सेकंदाला १०३ वेळा लुकलुकणार आणि १/५० मध्ये २.०६ ठोके येणार. थोडा फरक उरतोच. तरी घाबरू नका, हा उरलेला फरक १/६० च्या दोषाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका असतो. चालत्या, रंगीत झांकीवर तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. शटर बारीक टप्प्यांनी बदलता येणारा कॅमेरा असेल तर पडद्याकडे पाहत १/५१, १/५२ असं सरकवत जा आणि पट्टा नाहीसा होईल तिथे थांबा. पुढची झांकी आली की पुन्हा पाहा, कारण तिचा जनरेटर वेगळा.

झांकीवरच्या दिव्यांचा मुद्दाम केलेला चमचमाट, म्हणजे धावणारे, आलटून-पालटून पेटणारे दिवे, हा दोष नाही. पण ऑटो एक्स्पोजर त्यामागे धावू लागलं तर गर्दीचे चेहरे क्षणात काळे, क्षणात पांढरे होतात. झांकी पूर्ण उजळलेली असताना एक्स्पोजर लॉक करा, मग अर्धा स्टॉप खाली घ्या. चित्रात दिवे एकदा पांढरेफटक झाले की त्यांतला तपशील संकलनात परत येत नाही, अंधार थोडाफार उचलता येतो.

नाटक, ऑर्केस्ट्रा, रंगमंच

रंगमंचावरचे एलईडी ‘पार’ दिवे, म्हणजे रंगीत झोत टाकणारे गोल दिवे, विजेच्या ठोक्याने नव्हे, स्वतःच्या डिमिंगने लुकलुकतात. उजेड कमी करायचा म्हणजे दिवा अत्यंत वेगाने चालू-बंद करायचा, हीच त्यांची रीत. चांगल्या दिव्यांत हा वेग हजारोंनी असतो, स्वस्तांत काही शेकडाच. मग पडद्यावर बारीक, दाट रेघा येतात आणि १/५० वरही थोड्या राहतात. लाइटवाल्याशी आधीच बोला. ‘पार पूर्ण फुल्लवर ठेवा, उजेड जास्त वाटला तर दिवे कमी लावा’ एवढं सांगितलं तरी फरक पडतो, कारण पूर्ण उजेडावर चालू-बंदीच थांबते. मिश्र रंगांत मात्र लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या प्रमाणात डिम केलेले असतात, म्हणून गुलाबी किंवा केशरी उजेडात रंगीत रेघा येऊ शकतात. शुद्ध लाल, शुद्ध निळ्यात त्या कमी.

तुमचा स्वतःचा बॅटरीवरचा एलईडी पॅनेलही याच जातीचा असू शकतो. १० टक्क्यांवर लावण्यापेक्षा १०० टक्क्यांवर लावून दूर ठेवा.

मागे एलईडी पडदा असेल तर तिथे १/५० पेक्षा आखूड शटर वापरूच नका. पडद्यावर लहरी लहरी नक्षी दिसली तर ती शटरने जात नाही. फोकस पुढच्या माणसावर ठेवून पडदा जरा धूसर होऊ द्या किंवा दोन पावलं बाजूला सरका.

स्लो मोशन

१२० फ्रेमला शटर जास्तीत जास्त ८.३ मिलिसेकंद उघडं राहतं. एक ठोका १० चा. म्हणजे लुकलुकणाऱ्या दिव्याखाली १२० किंवा २४० फ्रेममध्ये फडफड टाळायचा कुठलाही सेटिंगचा मार्ग नाही. पाल कॅमेऱ्यावर १०० फ्रेम आणि १/१०० शटर ही शेवटची सुरक्षित जागा. फोनवर स्लो मोशन हवंच असेल तर दिवसा, खिडकीशी, खोलीतले सगळे दिवे बंद करून घ्या. पोह्यांवर शेव पडतानाचा शॉट सकाळच्या उजेडात घेतला तर त्याला काही लागत नाही.

पट्टे आलेच असतील तर

दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये डीफ्लिकर हे साधन आहे, पण ते विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत. मोफत आवृत्तीत, किंवा थर आणि अपारदर्शकता बदलता येणाऱ्या कुठल्याही संपादकात, हा जुना उपाय करून पाहा. ३० फ्रेमची क्लिप असेल तर तिचे तीन थर एकावर एक ठेवा. सर्वांत खालचा १०० टक्के, मधला एक फ्रेम सरकवून ५० टक्के, वरचा दोन फ्रेम सरकवून ३३ टक्के. नक्षी दर तीन फ्रेमनी परत येत असल्याने तिघांच्या सरासरीत पट्टे जवळजवळ मिटतात. ६० फ्रेमलाही तीनच थर. २४ ला सहा लागतात आणि तेव्हा हालचालीमागे भुतं दिसू लागतात. ट्रायपॉडवरच्या, कमी हालचालीच्या शॉटला हे चालतं, नाचाच्या शॉटला नाही. २५ फ्रेमच्या थांबलेल्या पट्ट्यांना सरासरीचा काही उपयोग नाही, कारण प्रत्येक फ्रेममध्ये पट्टा त्याच जागी असतो. तिथे पट्ट्याच्या आकाराचा मऊ मास्क करून तेवढाच भाग उजळावा लागतो.

आणखी एक, कारण तक्रार पट्ट्यांचीच येते आणि दोष दुसराच निघतो: २५ फ्रेमच्या क्लिप ३० फ्रेमच्या टाइमलाइनवर टाकल्या की दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते आणि कॅमेरा फिरताना हिसके बसतात. प्रकल्प उघडतानाच टाइमलाइनचा फ्रेम रेट क्लिपशी जुळवा. मित्रांच्या फोनवरून ३० च्या क्लिप येणार असतील तर सगळ्यांनी ३० आणि १/५० वरच काढायचं, हे शूटिंगच्या आधीच ठरवून घ्या.